होयचा हौद

बब्रुवान आणि बिराप्पाची दोस्ती हौदात बुडाली. हौदात पाण्याचा थेंब नव्हता, तरी बुडाली.

पण ते जाऊ द्या. असं काही झालंच नाही. गुंजवाडीत कुणालाही विचारा, तो हेच सांगेल की दोघांचं उत्तम चाललंय. ते एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांकडं बघत नाहीत, आणि एक महाराष्ट्रात राहतो तर दुसरा म्हैसूर राज्यात, एवढं सोडलं तर कशात काही फरक नाही. मधे फक्त एक ओढा आहे. तेव्हा आपणही काही घडलं नाही असंच धरू आणि सावकाश सुरुवात करू.

गुंजवाडी म्हणजे उमरगा तालुक्याचा अगदी काठ. नकाशात गावाचा ठिपका या तालुक्यात पडला होता, पण नाव लिहायला जागा उरली नाही म्हणून ते पलीकडच्या तालुक्यात लिहिलं होतं. पुढं जे भांडण झालं त्याची सुरुवात तिथंच झाली असावी. गावाला दोन गल्ल्या. वरच्या गल्लीत मराठी, खालच्या गल्लीत कानडी. वरचे गावाला गुंजवाडी म्हणत, खालचे गुंजहळ्ळी, आणि निजामाच्या दफ्तरात गावाचं तिसरंच काहीतरी नाव होतं. ते कुणालाच वाचता येत नसल्यामुळं त्यावरून कधी वाद झाला नाही. बाजारहाट मराठीत चालायचा, मेंढरं कानडीत हाकली जायची, सरकारपुढं हात उर्दूत जोडले जायचे. शिव्या मात्र तिन्ही भाषांतल्या जवळ ठेवाव्या लागत, कारण समोरच्याला कुठली लागेल याचा भरवसा नसतो.

बब्रुवान वरच्या गल्लीतला. ओढ्याकाठी त्याचं काळं रान. बिराप्पा खालच्या गल्लीतला धनगर. सुगी उरकली की बिराप्पाची मेंढरं बब्रुवानाच्या रानात बसायची. बसायची म्हणजे मुक्कामाला राहायची आणि लेंड्या टाकायची; खताच्या प्रश्नावर एवढी उत्तम तोड कुठल्याच सरकारनं अजून काढलेली नाही. बब्रुवानाची जवारी डोक्याच्या वर हातभर गेली की लोक म्हणत, ही जवारी निम्मी कानडी आहे.

बब्रुवानाची आई तो रांगत असतानाच वारली. तेव्हापासून तो बिराप्पाच्या आईच्या, गजराबाईच्या चुलीपुढं वाढला. तिला तो अव्वा म्हणे. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि आयुष्यात तसं कधी अडलंही नव्हतं. बब्रुवानाची सगळी कानडी त्या चुलीपाशी शिकलेली, त्यामुळं भाकरी, ताक, मीठ, अजून वाढ, पुरे, हौदु, इल्ला, इतपत तो अस्खलित बोले. हौदु म्हणजे होय. इल्ला म्हणजे नाही. माणसाला जगायला याच्यापेक्षा जास्त भाषा लागते असं त्याला कधी वाटलं नव्हतं. शिवाय उमरग्याच्या मदरशात चार इयत्ता काढल्यामुळं त्याला उर्दूही येत होती, आणि गावात कुणी साहेब आला की मधे उभं राहायला बब्रुवानालाच बोलावत.

छपन्न साली हैदराबाद राज्य भाषेप्रमाणं वाटून द्यायचं ठरलं. मराठी मुलूख मुंबईकडं, कानडी मुलूख म्हैसूरकडं, तेलुगू आंध्राकडं. गुंजवाडीला हे कळलं तेव्हा गावानं पहिल्यांदाच स्वतःकडं नीट पाहिलं, आणि त्याला आढळलं की आपण दोन आहोत.

वरच्या गल्लीची बाजू विष्णुपंत गुरुजींनी घेतली. गुरुजी तुळजापूरचे, बदलीवर आलेले, आणि मराठीवर त्यांचा इतका जीव की पोरांना उठाबशा काढायला लावतानाही शुद्ध काढा म्हणत. खालच्या गल्लीची बाजू दुकानदार महांतप्पानं घेतली. त्याच्या दुकानात वरच्या गल्लीसाठी गूळ कायमचा संपला. मारुतीच्या देवळातलं भजनी मंडळ फुटलं. टाळ वरच्या गल्लीकडं गेले, पखवाज खालच्या. मग वरच्या अंगाला नुसता किणकिणाट आणि खालच्या अंगाला नुसता दणका. मधे मारुती. त्याला कोणत्या राज्यात जायचंय हे कुणी विचारलं नाही.

एकदा गुरुजींनी बब्रुवानाला चावडीपाशी थांबवलं.

"बब्रुवान, तुम्ही त्या बाईंना अव्वा म्हणता, हे बरं नाही. आईला आई म्हणावं."

"आई मराठी व्हती गुरुजी," बब्रुवान म्हणाला. "ती वारली. ही कानडी हाय. ही जित्ती हाय."

बब्रुवानाला असं वाक्य सुचलं की दिवसभर बरं वाटायचं. चार माणसं हसली पाहिजेत, एवढीच त्याची आयुष्याकडून मागणी होती. ही मागणी पुढं किती महाग पडेल याची तेव्हा त्याला कल्पना नव्हती.

बिराप्पाशी मात्र तो या विषयावर सरळ बोलायचा.

"तुला म्हैसूरला कशाला जायाचंय रं?"

"म्या कुठं जातुय? माझी मेंढरं रोज वड्याच्या पल्याड चरत्यात. मधी सरकार येऊन बसलं तर मेंढरास्नी काय सांगू?"

"मग मेंढरं म्हैसूरला दे, तू हितं ऱ्हा."

"आन तुझ्या रानात काय तू सोता बसनार हाईस व्हय?"

दोघं हसले. बिराप्पाचं म्हणणं एवढंच होतं. त्यात भाषा नव्हती, चारा होता. गाव जिकडं जाईल तिकडं जावं, पण ओढ्याच्या दोन्ही काठांनी मिळून जावं. काठ वेगळे झाले तर धनगराला गाव सोडावं लागेल. बब्रुवानाला हे पक्कं ठाऊक होतं. पुढं 'मला माहीतच नव्हतं' म्हणायची जी एक सोय माणसाला असते, ती त्यानं अशी आधीच घालवून ठेवली.

मग वैशाखात चौकशीचा साहेब आला. यायचा होता बुधवारी, आला मंगळवारी. सरकार उशिरा येईल या खात्रीनं सगळ्या व्यवस्था केलेल्या असतात, त्यामुळं ते लवकर आलं की फार पंचाईत होते. महांतप्पा साहेबासाठी हार आणायला आळंदला गेलेला. बिराप्पा आणि खालच्या गल्लीतले सगळे तरणे गडी मेंढरं घेऊन ओढ्यापलीकडं. खाली उरल्या होत्या बायका आणि म्हातारी माणसं. पण काळजीचं कारण नव्हतं, कारण दोन्ही गल्ल्यांची तयारी झालेली होती. गुरुजींनी वरच्या गल्लीला बजावलं होतं, की साहेब विचारतील मुंबईकडं राहायचं का, तेव्हा एकच शब्द, होय. जास्त बोलाल तर घोळ होईल. महांतप्पानंही खालच्या गल्लीला अगदी हेच बजावलं होतं. साहेब विचारील म्हैसूरला जायचं का, तेव्हा एकच शब्द, हौदु. दोन शत्रूंचं एवढं एकमत गुंजवाडीत त्याआधी झालं नव्हतं.

साहेब हैदराबादचा. घामानं निथळत जीपमधून उतरला, तांब्याभर पाणी प्याला, आणि म्हणाला, घरात जी भाषा बोलता त्याच भाषेत जवाब द्यायचा. बब्रुवान मधे उभा राहिला. आधी वरच्या गल्लीची पाळी.

पण साहेबानं प्रश्न उलट्या टोकानं धरला. "मैसूर में जाना मंजूर है?"

बब्रुवानानं तोंड उघडायच्या आत सगळी वरची गल्ली आरतीसारखी एका सुरात म्हणाली, "होय."

गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. साहेब लिहायला लागला.

"नहीं साब, ठहरो," बब्रुवान पुढं झाला. "ये होय वो होय नहीं."

"तो कौन सा होय है?"

"ये सवाल सुनाई दिया, उस वास्ते का होय है साब."

"अच्छा," साहेब म्हणाला. त्याला यात काही वावगं वाटलं नाही. सरकारी माणसाला असे होय रोज भेटतात. बब्रुवानानं मग वरच्या गल्लीकडं वळून डोळे वटारले आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "म्हैसूरला जायाचं का?" गल्ली भानावर आली. "न्हाय," ती म्हणाली. साहेबानं आधीचं खोडलं.

म्हणजे चुकीचा होय कसा थांबवायचा, हे त्या दिवशी बब्रुवानाला चांगलं येत होतं. लोक म्हणतात, त्याला गडबडीत सुचलं नसेल. त्याला सुचत होतं. अर्ध्या घटकेपूर्वीच सुचून झालं होतं.

मग सगळे खालच्या गल्लीत गेले. कडुनिंबाखाली बायका ओळीनं बसल्या होत्या. पुढं गजराबाई, धुवट लुगडं नेसून, केसाला तेल लावून. बब्रुवान मधे आहे हे पाहून तिला धीर आला. साहेबानं प्रश्न विचारला. बब्रुवानानं तो कानडीत सांगितला, आणि नीट सांगितला. त्यात त्याची काही लबाडी नव्हती. "मैसूरिगे होगबेका?"

"हौदु," गजराबाई म्हणाली.

"हौदु, हौदु," मागून सगळ्या म्हणाल्या.

साहेबानं मान वर केली. आभाळाकडं पाहिलं, ओढ्याकडं पाहिलं. ओढा कोरडा ठाक होता. बायांच्या वाळल्या ओठांकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर दया आली.

"हौज?" तो म्हणाला. उर्दूत हौदाला हौज म्हणतात.

गजराबाई खुशीत हसली. साहेबाला हौदु नीट म्हणता येत नाही, पण कळलं हो त्याला, असं ती शेजारणीला म्हणाली. आणि साहेबाकडं बघून, मान हलवून, पुन्हा एकदा म्हणाली, "हौदु."

साहेबानं बब्रुवानाकडं पाहिलं. बब्रुवानाच्या मागं वरच्या गल्लीतली माणसं उभी होती. तिथून आधी एक फिसकन आवाज आला, मग कुणीतरी खोकलं, मग गुरुजींनीही धोतराचा सोगा तोंडाला लावला. हसू असं मागून पाठीवर येऊन थांबलं होतं, नुसतं सुटायची वाट बघत. 'नहीं साब' हे दोन शब्द बब्रुवानाच्या जिभेवर होते. पण ते शब्द बोलले की हसू मरणार होतं.

"जी," बब्रुवान म्हणाला. "हौज."

"सब के सब?"

"जी. सब."

"और मैसूर का क्या?"

"उसका कुछ नहीं बोलते साब. पानी की तकलीफ है."

साहेबानं लिहून घेतलं. जाताना त्यानं गजराबाईला हात जोडले आणि मिळेल म्हणून सांगितलं. तिनं बब्रुवानाला थांबवून घेतलं, मोठा पेला भरून ताक दिलं, आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, की आपला बब्र्या होता म्हणून आपलं म्हणणं सरकारला कळलं. बब्रुवान ताक प्याला. काय करणार? नको म्हटलं असतं तर तिनं कारण विचारलं असतं.

वरच्या गल्लीनं त्याला जवळजवळ खांद्यावर घेतलं. गुरुजी म्हणाले, "बब्रुवान, याला प्रसंगावधान म्हणतात." किस्सा पुन्हा पुन्हा सांगायला लावला. प्रत्येक वेळी हशा. घरी बायकोनं, सिताबाईनं, भाकरी वाढत सगळं ऐकलं. ती हसली नाही.

"यक न्हाय म्हनाया काय जड पडलं व्हतं?" ती म्हणाली.

"अगं, गंमत व्हती."

"ती म्हातारी तुमच्याकडं बघून बोलली. साहेबाकडं बघून न्हाय."

बब्रुवानानं दुसरी भाकरी घेतली नाही. त्या घरात त्याच्यापुरती ती गंमत तिथंच संपली.

एक नोव्हेंबरला गुंजवाडी मुंबई राज्यात गेली आणि ओढ्यापलीकडचं गायरान म्हैसूर राज्यात. अर्थात नुसत्या खालच्या गल्लीच्या म्हणण्यावर सरहद्द ठरली, असं कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही. बब्रुवानही स्वतःला असंच सांगायचा. सरहद्दीला केवढी मोठी कारणं असतात, नकाशे असतात, दिल्ली असते. पण दिल्लीचं नाव घेतलं की त्याला दरवेळी ताकाची चव यायची.

खालच्या गल्लीला कळेना. सगळ्यांनी हौदु म्हटलं, साहेबानं हात जोडले, मिळेल म्हणाला, आणि मिळालं मुंबई. महांतप्पा म्हणाला हा दगा आहे. बिराप्पा बब्रुवानाच्या बांधावर बसून सरकारला शिव्या द्यायचा, आणि इथं बब्रुवानानं जे केलं ते त्याला अजून सांगता येत नाही. तोही त्याच्याबरोबर शिव्या द्यायचा. तिन्ही भाषांत. बिराप्पापेक्षा जोरानं.

"तू तर मधी हुतास," बिराप्पा म्हणायचा. "तू सांगितलास ना नीट?"

"म्या इच्यारलं नीट," बब्रुवान म्हणायचा. हे खरं होतं. प्रश्न त्यानं नीटच विचारला होता. खोटं उत्तरात होतं.

मग म्हैसूरच्या गार्डानं ओढ्यापलीकडं मेंढरं धरली. पास दाखव म्हणाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गवतावर मेंढरं चरली त्या गवताला आता पास लागत होता. मेंढरं कोंडवाड्यात गेली. बब्रुवान आपलं काम टाकून बिराप्पाबरोबर सोडवायला गेला. गार्ड कानडीत म्हणाला, ही परराज्यातली मेंढरं आहेत. बिराप्पानं कानडीत सांगितलं, की साहेब, यांना कानडीशिवाय दुसरं काही कळत नाही, हाकून बघा. गार्डानं हाकून पाहिलं. मेंढरं निमूटपणे त्याच्या पाठोपाठ गेली आणि कोंडवाड्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. तरी ती परराज्यातलीच ठरली. येताना बिराप्पा म्हणाला, "बब्र्या, तू लई केलास माझ्यासाटी." बब्रुवानाला त्या वेळी ओढ्यात पाणी असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

असं वर्षभर चाललं. सांगावं असं त्याला रोज वाटायचं, आणि रोज काहीतरी आडवं यायचं. कधी बिराप्पा खुशीत असायचा म्हणून, कधी दुःखात असायचा म्हणून. माणूस या दोहोंच्या मधे कधी सापडतच नाही.

मग बैलगाड्यांतून दगड आले, चुना आला, गवंडी आले, आणि त्यांच्यामागून एक ओव्हरसियर आला. खालच्या गल्लीत कडुनिंबाखाली त्यानं दोरी धरली. गल्ली जमा झाली. बिराप्पानं विचारलं, काय चाललंय? ओव्हरसियर मराठी बोलणारा भला माणूस होता. म्हणाला, "अहो, तुमचाच हौद. तुम्हीच मागितला होता ना? गेल्या वर्षीच्या चौकशीत इथल्या सगळ्या बायकांनी एकमुखानं हौद मागितला. वरून मंजूर होऊन आलंय."

बिराप्पानं हे आईला कानडीत सांगितलं. गजराबाई म्हणाली, मी नाही मागितला. शेजारीण म्हणाली, मीही नाही. मग गजराबाई विचार करत म्हणाली, मी तर नुसतं हौदु म्हटलं होतं.

हौदु, हौद. हौद, हौदु. प्रत्येकानं मनातल्या मनात दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहिले असणार. बब्रुवान गवंड्यांची गंमत बघायला म्हणून आला होता आणि मागं उभा होता. बिराप्पा वळला.

"तुला हौदु कळत न्हाय व्हय रं?" त्यानं विचारलं. रागानं नाही. खरंच विचारलं. बब्रुवानाला त्यातून सुटायला त्यानं वाट ठेवली होती. न्हाय कळलं, गडबड झाली, एवढं म्हणायची खोटी.

"कळतंय की," बब्रुवान म्हणाला, आणि जन्माची खोड आडवी आली. "हौदु म्हंजी हौद."

कुणी हसलं नाही. वरच्या गल्लीतले दोघंतिघं उभे होते, तेही हसले नाहीत. त्याच विनोदाला वर्षभर हसलेली माणसं. पण विनोद ज्याच्यावर आहे तो समोर उभा असला की हसू येत नाही, हे त्यांनाही तेव्हाच कळलं असेल. बिराप्पानं आईला हाताला धरलं आणि घरात नेलं. गजराबाईनं जाताना वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बब्रुवानाला चाललं असतं. ती लाजली होती. एवढ्या लोकांत आपण सरकारकडं काहीतरी मागितलं, असं तिला वाटत होतं.

हौद झाला. छान झाला, चिरेबंदी. त्यात भरायला पाणी कुठून आणायचं, हे अर्थात कुणी मागितलं नव्हतं, त्यामुळं ते मंजूर झालं नाही. उद्घाटनाला गुरुजींनी बब्रुवानाला नारळ देऊन सत्कार करायचं काढलं. बब्रुवान त्या दिवशी नळदुर्गच्या बाजारात निघून गेला आणि काही न घेता परत आला. तो आला तेव्हा बिराप्पाचं घर मोकळं होतं. भांडी, घोंगड्या, आई, मेंढरं, सगळं घेऊन तो ओढा ओलांडून पलीकडं राहायला गेला होता. वरच्या गल्लीत बातमी अशी पसरली की एक कानडी घर कमी झालं.

पुढच्या सुगीला बब्रुवानाच्या रानात मेंढरं बसली नाहीत. त्यानं शेणखत घातलं, सरकारी पांढरं खत घातलं. जवारी आली, पण कमरेइतकी येऊन थांबली.

साठ साली महाराष्ट्र झाला. गुरुजींनी नव्या बदलीच्या गावाहून मुद्दाम येऊन पेढे वाटले. बब्रुवानानं आपल्या वाटचे पेढे खाल्ले नाहीत. फडक्यात बांधले आणि दुपारच्या उन्हात ओढा ओलांडून परराज्यात गेला. पास कुणी मागितला नाही. माणसांना पास लागत नव्हता. लागला असता तर तो परत फिरला असता आणि त्याला बरं वाटलं असतं.

बिराप्पा रानात होता. गजराबाई दारात बसून लोकर पिंजत होती. थकली होती. बब्रुवान समोर उभा राहिला. बोलायचं खूप ठरवून आला होता, पण त्याची कानडी चुलीपाशी शिकलेली. माफीचे शब्द त्यात नव्हतेच. तिनंही ते कधी त्याला शिकवले नव्हते, लागले नव्हते म्हणून. त्यानं फडकं पुढं ठेवलं.

तिनं वर पाहिलं. सवयीनंच तिच्या तोंडून आलं, "ऊटा आयता?" जेवलास का?

बब्रुवान सकाळपासून जेवला नव्हता. पण आल्याआल्या तिला चुलीपाशी कसं बसवायचं? तो म्हणाला, "हौदु."

गजराबाईचा पिंजणारा हात थांबला. तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा ती मराठीत बोलली. सावकाश, पाठ केल्यासारखं, एकही शब्द न चुकता. किती दिवस तिनं ते वाक्य जवळ ठेवलं होतं कुणास ठाऊक.

"हौद? हौद हितं न्हाय बाबा. तुमच्या गावात हाय."

ती पुन्हा लोकर पिंजायला लागली. तिनं त्याला बाबा म्हटलं होतं, आणि तुमच्या म्हटलं होतं. तिनं त्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. पेढे तिथंच ठेवून तो निघाला.

घरी सिताबाईनं विचारलं, "काय म्हनली?"

"मराठीत बोलली."

"मंग तर जिकलासा तुमी," सिताबाई म्हणाली.

त्यानंतर तो उमरग्याला गेला. तहसील कचेरीच्या ओसरीवर बलभीम अर्जनवीस बसायचा. लोकांची गाऱ्हाणी सरकारच्या भाषेत बसवून देणं हा त्याचा धंदा. म्हणजे तोही एक मधे उभा राहणाराच. बब्रुवानानं त्याला सगळं सांगितलं. बलभीमानं कान कोरत ऐकलं.

"म्हंजी हौद गळतुय म्हना की."

"गळाया पानी पायजे. हौद परत द्यायचाय."

"आन बदल्यात?"

"होय पायजे."

"सरकार होय दुरुस्त करत न्हाय," बलभीम म्हणाला. "सरकार रस्ता दुरुस्त करतं, त्योबी कागदावर. आन ह्यो होय लागू झाला तर तुमचं गाव म्हैसूरला जाईल, कळतंय ना? तुमचं रान, घर, समदं."

"जाऊ द्या."

"गावाला इच्यारलं का?"

"मागल्या बारीला इच्यारलं व्हतं," बब्रुवान म्हणाला.

बलभीमानं चष्म्यावरून पाहिलं. हा माणूस थट्टा करतोय की काय, ते त्याला समजेना. मग तो म्हणाला, की असल्या अर्जात एक दुसरी मागणी पण घालायची असते, पहिली फेटाळली तर असावी म्हणून. दुसरं काय मागायचं? बब्रुवानानं सांगितलं. बलभीमाची लेखणी एकदा थांबली, पण त्यानं लिहून काढलं. मग वहिवाटीप्रमाणं मोठ्यानं वाचून दाखवलं:

"मेहेरबान कलेक्टरसाहेब, जिल्हा उस्मानाबाद, यांचे सेवेशी. अर्जदार बब्रुवान, राहणार मौजे गुंजवाडी, तालुका उमरगा, अर्ज करतो ऐसाजे. छपन्न सालचे चौकशीत सदर गावच्या गजराबाई व इतर बायका यांनी दिलेले उत्तर अर्जदाराने जाणूनबुजून हौद असे सांगितले, ते वास्तविक होय असे होते. सबब सदर हौद सरकारने परत घेऊन त्याऐवजी सदर बायकांचा होय त्या दिवसापासून अंमल धरून मंजूर करावा. त्यामुळे अर्जदाराचे घर व जमीन परराज्यात गेल्यास अर्जदाराची काही हरकत नाही. वरीलप्रमाणे करणे कायद्यात बसत नसल्यास, सदर दिवशी अर्जदारास कानडी समजत नव्हती असा दाखला, सदर गजराबाई यांचे राजीखुशीचे अंगठ्यानिशी, अर्जदारास देवविण्याची मेहेरबानी व्हावी, ही विनंती."